मिस्त्रींची इंदाक्का

मिस्त्री स्वतः लिहिलेली मालिका कधी बघायचे नाहीत. ऐकायचे, आणि तीही लोकांच्या घरची. संध्याकाळी साडेसातला मालिकेचं गाणं सुरू झालं की ते पायात चपला सरकवायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि गल्लीतून निघायचे. खिडक्यांखालून सावकाश, एखाद्या घराशी जरा रेंगाळत. कुठल्या घरात भांड्यांचा आवाज थांबला, कुठं तो चालूच राहिला, कुठं बाई मध्येच उठून फोनवर बोलायला लागली, हे सगळं डोक्यात साठवत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन यायचा. "काल तिसऱ्या सीनला चार घरांनी कुकर लावला, बाई. सीन लांबलाय." चॅनेलकडून दर आठवड्याला आकडे यायचे, ते मिस्त्री वाचायचेसुद्धा नाहीत. ज्या घरात मालिका चालू असताना भांडी वाजतात तिथं आपण हरलो, एवढंच त्यांचं शास्त्र होतं. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका गृहस्थानं त्यांना चोर समजून हटकलं, तर मिस्त्रींनी त्यालाच विचारलं, "पावणं, मघाशी आवाज बारीक का केला? कट्टाळा आला व्हय?"

मिस्त्री म्हणजे घरं बांधणारे मिस्त्री नव्हेत. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली होती. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा आधी सागवानी लाकडात हुबेहूब नमुना करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि मग साच्यात रस सोडायचा. तो लाकडी नमुना करणारा माणूस म्हणजे पॅटर्न मिस्त्री. युनिटमध्ये दिग्दर्शकापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे. कुणी "लेखक" म्हणून हाक मारली तर ते मागं वळून बघायचे, दुसरं कोण आलंय म्हणून. लिहिण्याबद्दल त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली, तीही फौंड्रीतलीच. "लोखंड थंड झालं की आकसतंय. म्हणून पॅटर्न जरा मोठा करायचा असतोय. माणूसबी टीव्हीत गेला की आकसतोय, बाई. लिवताना तेला बोटभर मोठा लिवायचा. ज्यादा न्हाय, बोटभर." त्यांच्यानंतर जे आले त्यांनी माणसं हातभर मोठी लिहिली, आणि सगळी आतून पोकळ निघाली.

मी तेव्हा एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते, म्हणजे शिकवत कमी आणि पुढच्या वर्षी ठेवतील की नाही याची काळजी जास्त करत होते. मुंबईच्या एका निर्मात्याला कोल्हापुरात मालिका करायची होती आणि कोल्हापुरी बोलणं लिहिणारा माणूस हवा होता. कामगारांच्या स्नेहसंमेलनात मिस्त्रींनी बसवलेलं एक नाटुकलं त्यानं पाहिलं आणि त्यांना उचललं. मिस्त्री लिहायचे पेन्सिलीनं, तेही फौंड्रीतल्या जुन्या ड्रॉइंगच्या पाठकोऱ्या कागदांवर. ते वाचून संगणकावर चढवणारं आणि चॅनेलच्या साच्यात बसवणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून मी. मी शिकवते हे कळल्यापासून त्यांनी मला बाई म्हणायला सुरुवात केली ती शेवटपर्यंत.

त्यांची एक सवय माझ्या फार डोक्यात जायची. प्रसंग कितीही मोठा असो, बाप मेलेला असो की लग्न मोडलेलं असो, लिहायच्या आधी ते विचारणार, "ह्यो जेवलाय का?" मी वैतागून म्हणायचे, मिस्त्री, त्यानं काय फरक पडतो? ते म्हणायचे, उपाशी माणसाचं वाक्य आखूड असतं आणि जेवलेल्या माणसाला राग यायला वेळ लागतो. एकदा मी चुकून सकाळपासून पोटात काही नसलेल्या माणसाच्या तोंडी सहा ओळींचं भाषण घातलं. मिस्त्रींनी त्यातल्या पाच ओळी खोडल्या आणि उरलेल्या ओळीनं नटाला पुरस्कार मिळवून दिला. मला अजूनही कुणाचं लांबलचक बोलणं ऐकलं की आधी त्याच्या जेवणाचा अंदाज येतो. ही खोड त्यांची.

मालिकेचं नाव होतं 'इंदाक्काची खानावळ'. फौंड्रीच्या फाटकासमोर पत्र्याच्या शेडमध्ये भाकरी-झुणका विकणारी विधवा बाई, तिच्याकडं जेवणारे कामगार, त्यांची भांडणं, त्यांची लग्नं. बघणाऱ्यांना वाटायचं मिस्त्रींनी ती कल्पनेतून काढली. इंदाक्का म्हणजे मिस्त्रींची आई. नाव तेवढं बदललेलं. सगळे तिला नुसतं आक्का म्हणायचे.

आक्काचं घर बौद्ध. छप्पन साली तिच्या वडिलांनी घरातले देव टोपलीत भरले आणि पंचगंगेत सोडले, तेव्हा टोपलीची एक बाजू धरायला ती होती, दहा-बारा वर्षांची. नवरा गेल्यावर फौंड्रीच्या फाटकावर तिनं चूल मांडली. शेडच्या भिंतीला एकच फोटो, निळ्या कोटातला. तो फोटो बघून निम्मे कामगार पलीकडच्या हॉटेलात वडा खायला जायचे आणि उरलेले डबा घरून आणायचे. तिथल्या एका मुकादमाला तिची कणव आली. त्यानं सल्ला दिला, की आक्का, तो फोटो उतरव, एकदा जोतिबाचा डोंगर चढून ये, कपाळाला गुलाल लावून चुलीपुढं बस, सगळे जेवतील. माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो सोपा उपाय सांगतोय. आक्का त्याला म्हणाली होती, "तुमचा देव तुमच्यापाशी. माझा बाप भिंतीवर हाय, त्यो न्हाय उतरायचा. भाकरी खावा, न्हायतर उपाशी ऱ्हावा."

लोक दीड वर्ष उपाशी राहिले, म्हणजे तिच्याकडं आले नाहीत. मग एकेक करून आले, भुकेनं म्हणा की झुणक्याच्या वासानं. शेवटी फौंड्रीतली अख्खी पाळी, सगळी शिफ्ट, तिच्याकडं जेवायला लागली, आणि फोटो होता तिथंच होता. मिस्त्रींचं सगळं बालपण त्या शेडमध्ये गेलं. आईनं आयुष्यात काय कमावलं असं विचारलं तर ते एवढंच सांगायचे, की तिनं फोटो उतरवला नाही.

आणि ह्याच आईचं सगळं पुसत चाललं होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, पण मिस्त्री ते घ्यायचे नाहीत, "आईचं पुसाय लागलंय" एवढंच म्हणायचे. मालिका त्यांनी पत्करली ती ह्यासाठी. पैशासाठी नाही आणि नावासाठी तर मुळीच नाही. सकाळी आक्का चुलीपुढच्या गोष्टी सांगायची, मिस्त्री लिहून घ्यायचे, सहा-आठ आठवड्यांनी त्या टीव्हीवर यायच्या. तोवर आक्का त्या विसरलेली असायची. मग बघता बघता एकदम ताठ होऊन बसायची आणि म्हणायची, "आगं, हे माझंच की." कधी कधी पुढचं वाक्य नटीच्या आधी बोलायची. मिस्त्री गल्लीतून फेरी मारून आले की पहिला प्रश्न, आई, काय काय झालं आज? आणि ती सांगायची, बघितलेलं नव्हे, जगलेलं. त्यांनी आईसाठी रोज अर्ध्या तासाची आठवण तयार करून ठेवली होती, आणि महाराष्ट्राला वाटत होतं की ही मालिका आपल्यासाठी आहे.

पडद्यावर मिस्त्रींनी बौद्ध हा शब्द एकदाही उच्चारू दिला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "जेला कळायचं तेला भिंत बघून कळतंय." शेडमधला तो फोटो त्यांनी सेटसाठी खरा आणून दिला होता, आईच्या चुलीच्या धुरानं कडा पिवळ्या झालेला. इंदाक्काच्या घरात देवघर नव्हतं, एवढंच. कुणी त्यावर बोलत नव्हतं. टोपलीतले देव नदीत सोडण्याचा प्रसंगही त्यांनी असाच लिहिला. बाप-लेक चालत नदीवर जातात, टोपली पाण्यात सोडतात आणि रिकाम्या हातांनी परत येतात. वाक्य एकच. लेक विचारते, आता घरात कोण? बाप म्हणतो, आपण. त्या संध्याकाळी गल्लीत एकाही घरात भांडं वाजलं नाही, असं मिस्त्रींनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी कबनूरहून यंत्रमागावर काम करणाऱ्या एका बाईचा मिस्त्रींना फोन आला. ती फक्त "जयभीम" म्हणाली. मिस्त्रीही "जयभीम" म्हणाले. मग दोघांनी फोन ठेवला. चॅनेलमधल्या कुणालाच ह्यातलं काही कळलं नाही. त्यांना तो "नदीचा छान सीन" वाटला.

दोन वर्षं बरी गेली. मग समोरच्या चॅनेलवर त्याच वेळी दुसरी मालिका आली, तिच्यात पहिल्याच आठवड्यात दोन खून आणि एक पुनर्जन्म. आमचे आकडे खाली आले. मुंबईहून माणसं आली, एका हॉटेलच्या थंडगार खोलीत बैठक झाली. त्यांचं म्हणणं होतं की इंदाक्काला जाऊ आणायची आणि त्या जावेनं खानावळीच्या आमटीत विष कालवायचं. मिस्त्रींनी पाणी पिऊन घेतलं. "आईच्या आमटीत इख घालणारं माणूस मला अजून भेटलेलं न्हाय. भेटलं की लिवतो," म्हणाले. सगळे हसले. चार दिवसांनी त्यांना फोन गेला की आता थोडी विश्रांती घ्या. करारावर त्यांनी कधीतरी न वाचता सही केली होती. इंदाक्का आता कंपनीची होती. मालिकेच्या सुरुवातीच्या नावांच्या पाटीवर 'मूळ संकल्पना' म्हणून मिस्त्रींचं नाव तेवढं राहील, असं त्यांना मोठ्या मनानं सांगण्यात आलं.

मी राहिले. इथं मी पुष्कळ कारणं देऊ शकते, आणि त्या वेळी लोकांना ती दिलीही. भाषेची नाळ तुटू नये, कुणीतरी आतलं असावं, वगैरे. खरं कारण इतकंच, की मला ते काम आवडायला लागलं होतं. सेटवर गेलं की खुर्ची मिळायची, नट मंडळी मला लेखिका म्हणायची. कॉलेजात माझं नाव शिपायालाही पाठ नव्हतं. मिस्त्रींना सांगायला गेले तेव्हा ते म्हणाले, "ऱ्हावा की. कुणीतरी बोलणं सांभाळाय पायजे." त्यांनी मला अडवलं असतं तर मी थांबले असते का, ह्याचं उत्तर मला देता येत नाही.

नवे लेखक तिघे होते, तिशीच्या आतले, वागायला अतिशय सभ्य. मला ताई म्हणायचे, माझ्या आधी जेवायला बसायचे नाहीत. त्यांच्यावर राग काढणं सोपं आहे, आणि मी तो बराच काढलाही. पण एक गोष्ट माझ्या नावावर आहे, ती लिहिली पाहिजे. पाचशे भाग बघायला त्यांना वेळ नव्हता, म्हणून त्यांनी माझ्याकडं दोन पानांत सगळ्या पात्रांची माहिती मागितली. इंदाक्काबद्दल मी लिहिलं, विधवा, कष्टाळू, स्वाभिमानी, तोंडानं फटकळ, मनानं प्रेमळ. ती बौद्ध आहे हे लिहिलं नाही. लिहिता लिहिता हात थांबला होता, मला आठवतं. मी शेतकरी मराठा घरातली. आमच्याकडं जात-धर्म काढू नये, ते असभ्य, असं शिकवतात. जेवायला वेगळं ताट ठेवणारी माणसंसुद्धा हेच शिकवतात. मला वाटलं, कशाला उल्लेख करायचा, माणूस म्हणून लिहू. मिस्त्रींनी शब्द टाळला होता तो भिंतीवर भरवसा ठेवून. मी टाळला तो स्वतःला सभ्य वाटावं म्हणून. दोन पानांत भिंत कुठं दिसणार?

मग जे व्हायचं ते झालं. जाऊ आली. आमटीत विष पडलं, ते चुकून जावेच्याच मुलाच्या पोटात गेलं. मुलगा वाचला, पण त्याची वाचा गेली, ती खोट्या डॉक्टरनं परत आणली. फौंड्रीत वाळूचे साचे भरणाऱ्या मोल्डरला इस्त्रीचे शर्ट आले. इंदाक्काच्या चुलीच्या जागी गॅस आला आणि हातात चार-चार हिरव्या बांगड्या आल्या, विधवा असून. मी बांगड्यांबद्दल बोलले, त्या निघाल्या. मला फार बरं वाटलं, आपण लढतोय असं वाटलं. ह्या काळात मिस्त्रींनी गल्लीतली फेरी सोडली. आयुष्यात पहिल्यांदा ते साडेसातला घरात, आईशेजारी बसायला लागले. त्यांना बसावंच लागलं. आक्का विचारायची, ही कोण? मिस्त्री सांगायचे, आई, ही तुझी जाऊ दाखवल्या, पण तुला जाऊच नव्हती. आक्का म्हणायची, "मग ही माझ्या घरात काय करती?" रोज अर्धा तास हे चालायचं. आधी जी आठवण ते तयार करून देत होते, तीच आता रोज आईच्या हातातून सोडवून घेत होते. हे मला त्यांच्या शेजारणीनं सांगितलं. मिस्त्रींनी मला एकदाही फोन केला नाही.

एके दिवशी सेटवरचा तो फोटो उतरवला गेला. कला विभागाचं म्हणणं होतं की असल्या फोटोवरून कधी कोण काय म्हणेल सांगता येत नाही, आणि तशीही ती भिंत रिकामी दिसते. तिथं पितळी घंटेचं देवघर आलं. फोटो सामानाच्या खोलीत पालथा ठेवलेला मी बघितला. पुढच्याच आठवड्यात बैठकीत नव्या लेखकांनी महाएपिसोड मांडला. खानावळ बंद पडायला आली आहे, कुणी जेवायला येत नाही, तेव्हा इंदाक्का जोतिबाला नवस बोलते, अनवाणी डोंगर चढते, गुलालात न्हाऊन परत येते आणि कामगारांची रांग लागते. गुलालाची दृश्यं ड्रोननं घ्यायची.

मुकादमाचा सल्ला त्यांनी शब्दशः मांडला होता, मुकादमाचं नावही न ऐकता. मी म्हटलं, ती असं करणार नाही. त्यांनी अगदी आपुलकीनं विचारलं, का, ताई? आणि मी, ज्या बाईला सगळं माहीत होतं ती मी, म्हणाले, "तिच्या स्वभावात बसत नाही." ते म्हणाले, हरकत नाही, स्वभाव आपण दोन भाग आधीपासून वळवत आणू. खोलीत सहा माणसं होती. एका शब्दात काम झालं असतं. तो शब्द माझ्या तोंडाला आला नाही. जोतिबा माझं कुलदैवत, डोंगराशी माझं भांडण नाही, तिथं माझं जावळ काढलंय. म्हणून तर मला पक्कं कळत होतं की दुसऱ्याच्या घरातला नकार आपण त्याच डोंगरावर नेऊन पुसतोय. कळत असून मी वही उघडली आणि संवाद लिहायला घेतले.

वाईट लिहिले असते तरी चाललं असतं. मी जीव ओतून लिहिले. माझी आत्या दर चैत्रात डोंगर चढायची आणि घरी येऊन पाय शेकत शेकत सगळं सांगायची. तिचं ते बोलणं जसंच्या तसं मी इंदाक्काच्या तोंडी घातलं. ओळ अन् ओळ खरी होती, फक्त दुसऱ्या बाईची होती. नटीनं ते वाचलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या आठवड्यात आकडे वर गेले, युनिटला पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

मिस्त्रींच्या वस्तीत पेढे वाटले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा-वीस माणसं त्यांच्या दारात आली. त्यात ज्यांच्या आयांनी आक्काबरोबर फाटकावर दिवस काढले होते अशीही होती. पाटीवर तुमचं नाव आहे, तुम्ही आईला विकलं, असं तोंडावर बोलली. आपल्याला काढून वर्ष झालं, हे आपण लिहिलेलं नाही, एवढं सांगितलं असतं तरी ती माणसं गेली असती. मिस्त्री म्हणाले, "व्हय, नाव माझंच हाय," आणि उभे राहिले. हेही मला शेजारणीनंच सांगितलं, आणि सांगताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मालिकेचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. गुलाल आठवडाभर पुरला. मग साडेसातची वेळ गेली, सहा झाली, मग दुपारची झाली, आणि एका शुक्रवारी खानावळीच्या दारात सगळ्यांना एका रांगेत उभं करून नमस्कार करायला लावला आणि संपवली. नवे लेखक दुसऱ्या मालिकेवर गेले. जाताना मला त्यांनी एक छान शाल दिली. सेट मोडत होते त्या दिवशी मी सामानाच्या खोलीतून फोटो काढला, पुसला, ओढणीत गुंडाळला आणि मिस्त्रींच्या घरी गेले. ती आमची शेवटची भेट.

मिस्त्रींनी दार उघडलं, फोटो दोन्ही हातांनी घेतला, म्हणाले, बसा, चहा टाकतो. वर्ष-दीड वर्षात दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. आक्का कॉटवर बसली होती. मला तिनं ओळखलं नाही. पण कुणीतरी आलंय ह्याचा तिला आनंद झाला. मिस्त्रींनी फोटो तिच्यासमोर धरला, तिनं हात जोडले. मला हायसं वाटलं. वाटलं, चला, एवढं तरी जागेवर आलं.

"ह्यो मी उतरिवला हुता," आक्का मला म्हणाली. "डोंगराला जाताना. त्यो मुकादम बोल्ला, उतरिव, म्हणून उतरिवला. आन् अनवाणी गेलतो. दगडं ही तापलेली, पर पायाला लोण्यागत लागली बग. वर गेलो तर बायकांनी वाट दिली मला. कुणी इचारलं न्हाय, कुठली तू, कुणाची तू. गुलाल लावला कपाळाला, केसाला, हितं मानंला. मग खाली आलो, आन् समदी जेवाय बसली की."

लोण्यासारखे दगड माझ्या आत्याचे. वाट देणाऱ्या बायका माझ्या आत्याच्या. मुकादमाचा सल्ला तेवढा आक्काच्या स्वतःच्या आठवणीतला होता, तो एवढ्या सगळ्यात एकटाच तिच्या डोक्यात तग धरून राहिला होता, आणि त्याला मी उत्तर पुरवलं होतं. ती सांगताना हसत होती. सुरकुतलेला हात स्वतःच्या मानेवरून फिरवून गुलाल कुठं कुठं लागला ते दाखवत होती. मी स्वयंपाकघराकडं बघितलं. मिस्त्री चहाचं पातेलं हातात घेऊन दारात उभे होते. आक्कानं त्यांना विचारलं, "व्हय रं, गेलतो का न्हाय आपण?"

"गेलतीस की, आई," मिस्त्री म्हणाले.

चहा मी कसा प्यायले मला आठवत नाही. निघताना ते दाराबाहेरपर्यंत आले. मी म्हटलं, मिस्त्री, मी रोज येते. आक्कांजवळ बसते, सावकाश सांगते की हे मी लिहिलेलं आहे, तुम्ही गेला नव्हता, तुम्ही फोटो उतरवला नव्हता. मला रडू येत होतं आणि ते आवरायचं भानही नव्हतं. मिस्त्रींनी माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं, पूर्वी माझा एखादा फसलेला प्रसंग ऐकून घ्यायचे तसं. रागावले असते तर मला सोसलं असतं.

"नको, बाई," ते म्हणाले. "बाकी समदं पुसलं तिचं. सकाळी उठली की मला नाव इचारती. एवढं एकच सलग आठवतंय तिला, आन् ते सांगताना हसती. तेबी काढून घेतलं तर तिच्या हातात मी काय देऊ?"

आत खोलीत ऐकायला कुणीच नव्हतं, तरी आक्का पुन्हा पायथ्यापासून सांगायला लागली होती.